आत वळत जाणारे चौकोन

मी धंद्याने ड्राफ्ट्समन, नकाशे काढणारा. म्हणजे होतो. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, कंपास यांच्याशीच माझी सोबत, आणि जे मोजता येत नाही ते नसतंच, असं मी कचेरीत मोठ्या आवाजात सांगत असे. जेवणाच्या सुट्टीत कुणी घाटातल्या बाईची, बोगद्यात दिसलेल्या कंदिलाची गोष्ट काढली की माझा प्रश्न ठरलेला असायचा — "किती फुटांवरून पाहिलंस?" सांगणारा चिडायचा, बाकीचे हसायचे, आणि गोष्ट तिथेच संपायची.

असल्याच अनुभवांच्या या सदरात आता मीच लिहितोय हे कळलं तर ती मंडळी काय म्हणतील ते म्हणोत. मला पटवून द्यायचं नाही. जे झालं ते क्रमाने सांगतो... एवढंच.

घाटात विजेची इंजिनं नुकतीच धावू लागली होती, तेव्हाची गोष्ट. रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात मला नोकरी लागली आणि आम्ही लोणावळ्याला आलो. आम्ही म्हणजे मी, माझी बायको सुमती आणि आमची काही महिन्यांची मुलगी बेबी. तुंगार्लीला तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक बंगला होता. मालक मुंबईचे, फक्त मे महिन्यात यायचे. त्या बंगल्याचा मागचा भाग आम्ही भाड्याने घेतला. एक मोठी खोली, तिला लागून स्वयंपाकघर, पुढे छोटा व्हरांडा. मोठ्या खोलीला दोन दारं — एक व्हरांड्याचं, दुसरं स्वयंपाकघराचं — आणि विहिरीच्या बाजूला एक गजांची खिडकी. जमिनीला शहाबादी फरशी होती, चांगली बसवलेली, सांधे अगदी सरळ. हे सांधे लक्षात ठेवा, कारण त्यांच्याचमुळे मला सगळं कळलं.

खोलीत सामान मोजकंच. सुमतीच्या माहेरून आलेलं उंच सागवानी कपाट, लोखंडी पलंग, माझं ड्रॉइंगचं टेबल आणि एक मोठी लोखंडी ट्रंक. चार भिंतींना चार वस्तू. मध्ये मोकळी जागा, तिथे बेबीची दुपटी अंथरलेली असायची.

सुमतीचे आईवडील लवकर गेले होते. तिला वाढवलं ते तिच्या थोरल्या भावाने. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. विलायतेला जाऊन आलेले, पुण्यातल्या एका कॉलेजात गणित शिकवायचे, लग्न केलेलं नव्हतं. बोलायचे कमी, आणि बोलले की समोरच्याला आपण मूर्ख आहोत असं वाटायचं. पण बहिणीवर फार जीव. त्या दिवाळीनंतर ते बेबीला बघायला आले, तेव्हा ब्राउन पेपरात गुंडाळलेली एक मोठी फ्रेम घेऊन आले.

काळी लाकडी चौकट, काच, आत जाड पिवळसर कागदावर छापलेलं चित्र. खाली कोपऱ्यात पेन्सिलीने कुणाची तरी परदेशी सही, वाचता न येणारी. चित्रात नुसत्या रेषा होत्या. एक मोठा चौकोन, त्याच्या आत किंचित वळलेला दुसरा, त्याच्या आत आणखी वळलेला तिसरा... असे आत आत जात मध्यभागी काळोख व्हावा इतके बारीक झालेले. एकही रेषा वाकडी नव्हती, तरी डोळ्यांना चार लांब, वाकलेले हात दिसायचे, बाहेरून आत ओढून नेणारे.

"विनायकराव, तुम्ही रेषा काढता म्हणून तुम्हाला सांगतो," नाना म्हणाले. "चार कोपऱ्यांत चार कुत्री उभी आहेत असं धरा. प्रत्येकाने पुढच्याचा पाठलाग करायचा. नाक कायम त्याच्याकडे. दर क्षणाला चौघांना रेषांनी जोडत गेलात की हे चित्र होतं."

"आणि मध्ये काय आहे?" सुमतीने विचारलं.

"मध्ये काही नाही. तिथे ती एकमेकांना गाठतात."

सुमती स्वतः मॅट्रिक झालेली, गणितात हुशार. तिला चित्र फार आवडलं. मलाही आवडलं, खोटं कशाला सांगू? इतकं स्वच्छ काम मी छापलेलं कधी पाहिलं नव्हतं. पलंगाच्या वरच्या भिंतीवर मी स्वतः खिळा ठोकला आणि स्पिरिट-लेव्हल लावून चौकट टांगली.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आलो तर चौकट तिरकी. खिळा सैल असेल म्हणून दुसरा ठोकला. पुन्हा तिरकी, आणि त्याच बाजूला. मी रोज सरळ करायचो, रोज ती तिरकी व्हायची. गाड्यांच्या हादऱ्याने होत असेल अशी मी समजूत घातली. खरं तर रूळ आमच्यापासून बरेच लांब होते.

मग एकदा कामाला बसताना माझा पाय टेबलाच्या पायावर आपटला. टेबल जिथे असायला हवं तिथे नव्हतं. खाली पाहिलं. टेबलाची कड आणि फरशीचा सांधा नेहमी समांतर असायचे, ते आता नव्हते. टेबल थोडंसं वळलं होतं. ट्रंकेकडे पाहिलं, तीही वळलेली. पलंगही. कपाटसुद्धा, आणि ते कपाट हलवायला आम्हाला दोन हमाल लागले होते! सगळं एकाच दिशेने वळलेलं. मी सेट-स्क्वेअर लावून बघितलं. चौघांचा कोन सारखा.

घरकामाला कुसगावहून धोंडामावशी यायच्या. झाडताना त्यांनीच सामान ओढलं असणार, असं मी धरून चाललो आणि जरा रागानेच विचारलं. त्यांनी झाडू खाली टाकला.

"सायब, ह्ये कपाट मी एकली हालवीन व्हय? मला का म्हैस समजलाय?"

"मग कोण हलवतं?"

"त्ये तुमी तुमच्या घरात बगा. मी हितं आले की आदी बाळाला बगते. बाळ दिसलं की झाडाया घेते. का, त्ये इचारू नगा." आणि सुमतीकडे वळून म्हणाल्या, "बाई, माजा हिशेब भागवा. मला न्हाई यायाचं आता. आन् सांगून ठिवते, त्या पोरीला खोलीच्या मदी निजवू नगा."

त्या गेल्या त्या गेल्याच. मी सुमतीला म्हटलं, गावंढळ बाई, तोंडाला येईल ते बोलली.  त्या दिवसापासून सुमती माझ्याकडे निराळ्या नजरेने बघायला लागली.

मी चारही वस्तूंच्या पायांभोवती खडूने खुणा केल्या. सामान सरळ करून, भिंतीला लावून मग खुणा. संध्याकाळी येऊन बघायचं. पाय खुणांच्या बाहेर आलेले असायचे, आणि ते नुसते वळत नव्हते, आत सरकत होते. भिंत आणि कपाट यांच्यात हात जाईल एवढी फट पडलेली असायची. फरशीवर घासल्याचा ओरखडा नाही, धूळ हललेली नाही. सुमती दिवसभर घरात, तिला कसलाही आवाज आला नव्हता.

मग मी बेबीची दुपटी मधून काढून खिडकीखाली अंथरायला सांगितली. त्या संध्याकाळी चौघांचा रोख बदललेला होता. ते खिडकीकडे वळले होते.

हे मी सुमतीला दाखवलं. फरशीवर बसून, सांध्यावर बोट ठेवून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं —

"तुम्ही हे का करताय?"

"मी?"

"घरात तुम्ही आणि मी. मी ते कपाट हलवू शकत नाही. खुणा तुम्ही करता, मोजता तुम्ही, दाखवता तुम्ही."

"मी दिवसभर कचेरीत असतो, सुमती!"

"मी विहिरीवर जाते, बाजारात जाते. तुम्ही मध्येच घरी येत नाही कशावरून?"

मला इतका संताप आला की मीही नको ते बोललो. बाळंतपणानंतर बायकांची डोकी फिरतात असं ऐकलंय, तूच करत असशील, म्हटलं. त्यावर ती बेबीला उचलून स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं. मी चित्र उतरवून ठेवू या म्हणालो, कारण माझ्या मनात ते चौकोन आणि ही खोली एकत्र यायला लागली होती. ती दाराआडूनच म्हणाली, "नानांच्या वस्तूला हात लावलात तर मी या घरात राहणार नाही. आधी माझ्यावर ढकललंत, आता त्यांच्यावर."

चित्र भिंतीवरच राहिलं. आम्ही दोघं एका घरात दोन पहारेकऱ्यांसारखे राहायला लागलो. तिने दिलेला चहा मी घेत नसे आणि मी बेबीला घेतलं की ती हातातलं काम सोडून समोर येऊन उभी राहायची. पलंग रिकामाच असायचा. ती आणि बेबी स्वयंपाकघरात निजायच्या, मी व्हरांड्यात. थंडी मी म्हणत होती, पण त्या खोलीत पडायची माझी छाती नव्हती.

रविवार होता. स्वच्छ ऊन, खिडकीतून खोलीभर उजेड. स्वयंपाकघर धुरकट झालं होतं म्हणून सुमतीने बेबीला खोलीत आणून निजवलं होतं, मध्यावर. कपडे वाळत घालायला ती विहिरीकडे निघाली, दारात थबकली, माझ्याकडे बघितलं.

"मी विहिरीवरून खिडकीत बघत असेन," ती म्हणाली. हे सांगणं मला धीर द्यायला नव्हतं, ती धमकी होती.

मी व्हरांड्यातली खुर्ची आत ओढली आणि बेबीजवळ बसलो. आज काय ते डोळ्यांनी बघायचंच. कपाटाकडे टक लावून बसलो. कपाट जागचं हललं नाही. बराच वेळ झाला. मग सहज मान वळवली आणि टेबल माझ्या कोपराशी होतं.

मी उठलो. टेबलाकडे बघत राहिलो, ते स्थिर. मागे वळलो, ट्रंक व्हरांड्याच्या दाराला येऊन भिडलेली. ट्रंकेकडे बघितलं, ती स्थिर. पुन्हा वळलो, तर पलंग स्वयंपाकघराच्या दारावर आडवा. ज्याच्याकडे बघावं ते हलत नव्हतं. ज्याच्याकडे पाठ, ते पुढे येत होतं. चौघांकडे एकदम कसं बघणार? मी बेबीभोवती गोल गोल फिरायला लागलो, भोवऱ्यासारखा, आणि प्रत्येक फेरीत ती जागा लहान होत गेली. आवाज अजिबात नाही. बेबी शांत झोपलेली. वर चित्राची चौकट इतकी तिरकी की ती खिळ्यावर कशी राहिली होती कोण जाणे.

बेबीला उचलायला वाकलो तेव्हा माझी कपाटाकडे पाठ झाली. अंगावर सावली पडली. वळलो तर कपाट पुढे झुकलेलं, वरची कड बरोबर बेबीवर. मी दोन्ही हात लावले आणि थोपवलं.

आता सांगतो ते नीट वाचा. पडणारं कपाट जड लागतं, ते वजन असतं. माझ्या हातांना लागलं ते वजन नव्हतं. पलीकडून कुणीतरी ढकलत होतं. थांबून, दम घेऊन, पुन्हा ढकलत होतं. मी जोर केला की तोही जोर करायचा. आणि त्या ढकलण्यात राग होता... मला दुसरा शब्द सापडत नाही. कपाटामागे भिंतीपर्यंत मोकळी जागा होती आणि तिथे कुणी नव्हतं.

"अहो! काय करताय? ढकलू नका! सोडा!"

खिडकीत सुमतीचा चेहरा. गज धरून ती किंचाळत होती. मला उत्तर देता येईना, दात आवळलेले होते. ती दिसेनाशी झाली. व्हरांड्याच्या दारावर धडका बसल्या, ट्रंक हलली नाही. मग मागच्या बाजूने स्वयंपाकघरात शिरून तिने मधलं दार थोडं उघडलं आणि ती पलंगाखालून सरपटत आली. तिने बेबीचा पाय धरून तिला दुपट्यासकट ओढून घेतलं आणि आली तशीच मागे गेली. माझ्याकडे तिने वर बघितलंसुद्धा नाही.

त्या दोघी पलंगापलीकडे गेल्या आणि कपाट पडलं. ढकलणं थांबलं नाही, दुप्पट झालं. माझा उजवा हात मनगटाच्या वर दोन ठिकाणी मोडला.

दुसऱ्या दिवशी नाना आले. सुमतीने त्यांना सगळं सांगितलं होतं, म्हणजे तिने खिडकीतून जे पाहिलं ते. मी हात गळ्यात बांधून व्हरांड्यात बसलो होतो. ते बसले नाहीत.

"विनायकराव, तुमची प्रकृती बरी नाही एवढंच मी लोकांना सांगेन. तुम्हीही तेच सांगा. सुमती माझ्याकडे राहील."

"नाना, मी थोपवत होतो."

"असेल."

आत जाऊन त्यांनी चित्र उतरवलं आणि काखेत घेतलं. मी उठून आडवा आलो. म्हटलं, हे नेऊ नका. इथेच राहू दे, नाहीतर मी फोडून तळ्यात टाकतो, पण त्या दोघी असतील त्या घरात हे नको. त्यांनी मला डाव्या हाताने बाजूला केलं, दारातलं कुत्रं बाजूला करावं तसं.

"वस्तूंना दोष द्यायचं वय गेलं तुमचं," ते म्हणाले. "हे माझ्या खोलीत राहील. सुमती आणि बेबी वरच्या मजल्यावर असतील. झालं समाधान?"

ते गेले, आणि माझ्या खोलीत सगळं थांबलं. डाव्या हाताने मी पुन्हा खुणा केल्या. टेबलाचे पाय खडूच्या रेघांच्या आत राहिले, त्या दिवशीही, पुढेही. हात वाकडा जुळला. बारीक रेषा येईना. कचेरीने माझी स्टोअर्सकडे बदली केली.

उन्हाळा लागला तेव्हा एका दुपारी नाना माझ्याकडे आले. आधी कळवलेलं नव्हतं. दाढी वाढलेली, कोटाची बटणं खालीवर. मी आत या म्हटलं तर मान हलवली आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसले, मोकळ्या अंगणाकडे तोंड करून. पाणी दिलं, ते प्याले नाहीत.

"सुमतीला आणि बेबीला मी तिच्या मैत्रिणीकडे पाठवलंय," ते म्हणाले. "कारण सांगितलेलं नाही."

मी समजलो.

"चित्र?"

"जाळलं. चौकटीसकट. राख नदीत टाकली." आणि म्हणाले, "भिंतीवरची जागा रिकामी आहे. बाकी सगळं चालू आहे."

"मग खोली बदला!"

"बदलली. दोनदा. भाड्याचं सामान होतं, दुसऱ्याचं. पहिले काही दिवस काही होत नाही. मग ते मला शोधून काढतं."

 या माणसाने मला वेडा ठरवलं होतं, आणि तरी मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो.

"क्षमा मागायला आलेलो नाही," नाना म्हणाले. "एकच विचारायचंय. तुम्ही ते कपाट थोपवलं होतं. किती जोर होता?"

"माणसाएवढा," मी म्हटलं. "एका माणसाएवढा."

त्यांनी मान डोलावली. "माझ्याकडे आता एकापेक्षा जास्त आहेत," ते म्हणाले आणि उठले. थांबा म्हटलं, रात्री अंगणातच झोपू म्हटलं, पण ते स्टेशनकडे चालत गेले. जाताना घरांच्या कडेने चालत नव्हते, रस्त्याच्या मधून चालत होते.

पावसाळ्यात ते गेले. खोलीचं दार आतून अडलेलं होतं, म्हणून शेजाऱ्यांनी बिजागऱ्या काढल्या. हृदय बंद पडलं असं डॉक्टरांनी लिहून दिलं. सुमतीने खोली पाहिली. पलंग, टेबल, पुस्तकांची दोन कपाटं — सगळं मध्ये आलेलं, कोपऱ्याला कोपरा लागलेला. नानांना बाहेर काढायला आधी एक कपाट फोडावं लागलं.

तेरावं झाल्यावर ती बेबीला घेऊन लोणावळ्याला आली. मी तोपर्यंत रेल्वेच्या चाळीत राहायला गेलो होतो. प्रवासाची लहान ट्रंक दाराशी ठेवून ती भिंतीला टेकून बसली.

"नानांच्या घरात तुम्ही नव्हता," ती म्हणाली. "म्हणजे ते तुम्ही करत नव्हता. हे मला कळतंय."

मला रडू आलं. मी म्हटलं, "मी थोपवत होतो, सुमती. तुला पटलं ना?"



"नाही," ती म्हणाली. "खिडकीतून मी तुमचा चेहरा पाहिला. तुम्ही ढकलत होता. आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं. नानांची खोलीही मी पाहिली. दोन्ही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, त्यातलं कुठलं खोटं म्हणू?"

त्याला आता बरीच वर्षं झाली. विचार करून मी थकलो. हादरे म्हणा, चुंबक म्हणा, मनाचे खेळ म्हणा, सगळं लावून पाहिलं, काहीच पुरं पडत नाही. एकदा एका मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तुम्हीच ढकललं असेल आणि तुम्हाला आठवत नसेल. मग नानांचं काय, असं विचारलं तर त्यांनी पुढच्या रोग्याला आत बोलावलं. 

सुमती माझा संसार नीट करते. आजारी पडलो तर रात्ररात्र बसते. बेबी आता परकर-पोलक्यात वावरते, शाळेत जाते. पण तिला एकटीला माझ्यापाशी ठेवून सुमती आजही नळावर जात नाही. बादली उचलते, दारापर्यंत जाते, आणि म्हणते, "बेबी, चल गं माझ्याबरोबर."